दहा शेक पुढे

मोंढ्यात एका अडतीच्या दुकानावर मी ३१ वर्षं मुनिमी केली. कुणाच्या नावे किती आणि कुणाचे जमा किती, हे वही न उघडता सांगायचो. माझ्या स्वतःच्या खात्यावर मात्र एक रक्कम अशी आहे, की ती कोणत्या सदरात टाकावी हे अजून कळलेलं नाही. तिचा पुरावा म्हणून घरात एक जुन्या लुगड्याचं धडपं आहे. दीड हात लांब, विटका हिरवा रंग. बायकोनं ते दोनदा पोतेऱ्याला काढलं, मी दोनदा परत आणलं.

ते ज्यांचं, त्यांना मी मावशी म्हणायचो. माझ्यापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या. नाव लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही, आणि विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "कामून? मह्या नावाचा सातबारा काढायचाय का?"

माझ्या डाव्या गालात आतून एक पांढरट चट्टा होता. गादीवर बसल्या बसल्या दिवसाला सहा-सात बार भरायची सवय, आणि बार ठेवायची जागाही तीच. एका डॉक्टरांनी मलम दिलं. मी ते चार महिने इमानानं लावलं, कारण मलमानं बरा होणारा आजार मला हवा होता. २०१९ च्या जानेवारीत ऑपरेशन झालं. गालाचा तुकडा गेला, मानेतल्या गाठी गेल्या. पुढे तपासणीचा कागद आला आणि डॉक्टर म्हणाले, "आता रेडिएशन. ३० भाग, रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी. एकूण ६० ग्रे."

आमच्याकडे रेडिएशन कुणी म्हणत नाही. शेक म्हणतात, लाईट म्हणतात, खेड्यातली माणसं करंटही म्हणतात. 'लाईट देणार' म्हटल्यावर मला दुकानातला मेन स्विच दिसायला लागला. त्यात डोक्यात काका होते. १९८६ साली काका याच दुखण्यासाठी परळला गेले होते. तेव्हा जालन्याच्या माणसाला टाटा हॉस्पिटल नाहीतर बार्शी, याखेरीज जवळचं काही ठाऊक नव्हतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, नाही तर फूटपाथ. काका १४ शेक घेऊन परत आले, कारण पेरणी आली होती आणि पैसे सरले होते. मग चार महिने ते गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून आमच्या जुन्या जालन्याच्या घरात ढाळजेत बसून असायचे. टॉवेलाखाली काय आहे हे घरात कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. माझी भीती बरोबर त्या टॉवेलाएवढी होती.

माझ्या वेळेला निदान परळ गाठायची गरज नव्हती. औरंगाबादला (तेव्हा नाव तेच होतं) आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून सुरू आहे. केशरी रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेत केस बसली. खिडकीतल्या आरोग्यमित्रानं कागद लावून दिले. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्मही मिळतो, त्यावर पेशंटबरोबर एका माणसालाही सूट असते. रोज सकाळी अप-डाऊनवाल्यांच्या गर्दीत मी आणि मुलगा चढायचो. बदनापूर, करमाड, चिकलठाणा. इतकी वर्षं जालन्यात काढून करमाडच्या पुढचं रान कधी नीट बघितलं नव्हतं, ते त्या सात आठवड्यांत बघून झालं.

पण शेक सुरू व्हायच्या आधीच महिनाभर तयारी. आधी दात. चार दाढा किडलेल्या होत्या, त्या काढल्या. मला राग आला, कॅन्सर गालाला आणि पैसे दाढांचे! दातांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की एकदा शेक झाला की जबड्याच्या हाडातला रक्तपुरवठा कमी होतो. नंतर कधी दात काढला तर ती जखम भरत नाही, हाड सडू शकतं. म्हणून आत्ताच, आणि जखम भरायला दोन आठवडे जाऊ द्यायचे. यापुढे जन्मभर कुठल्याही दातवाल्याकडे गेलात तर आधी हे सांगायचं, असंही त्यांनी कागदावर लिहून दिलं. तो कागद पाकिटात आहे.

मग मुखवटा. प्लॅस्टिकची एक पांढरी जाळी गरम पाण्याच्या टबात टाकतात. ती ओल्या फडक्यासारखी मऊ झाली की उताण्या माणसाच्या तोंडावर अंथरतात आणि दोन्हीकडून ओढून टेबलाला अडकवतात. कोमट असते, पाणी कानात जातं. पाच-सात मिनिटांत ती थंड होऊन कडक होते, आणि आपलं नाक, हनुवटी, कपाळ यांचा साचा तयार. त्याच्यावर खुणा करतात, म्हणजे त्वचेवर रंगवायला नको. तो मुखवटा घालूनच सीटी स्कॅन काढतात आणि त्यावरून कुठून किती किरण सोडायचे याचं गणित मांडतात. ते गणित होईपर्यंत आठवडा गेला. मी रोज फोन करून विचारायचो, तयार झालं का, म्हणून. आमच्याकडे ताळेबंदाला लागतो त्यापेक्षा कमीच वेळ लागला म्हणायचा.

११ फेब्रुवारी, सोमवार. बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसलेल्या. गळ्याची उजवी बाजू तव्यासारखी काळी, मधेच जांभळं औषध फासलेलं, नाकात नळी, नळीला चिकटपट्टी. मी नजर फिरवली. त्यांनी माझी फाईल बघितली, नवीकोरी.

"पहिला का?"

"हो."

"महे दहा झाले. आज अकरावा." नळीमुळे आवाज नाकातून यायचा. "काय व्हत नाई. आत गेलं की मशीन घुरघुर करतं, आपुन पडून ऱ्हायचं. दुखत नाई. आज तर काईच व्हनार नाई, अन् या आठवड्यातबी नाई. पहिला आठवडा पावन्यावानी."

मी आत गेलो. भिंतीच्या फळीवर ओळीनं मुखवटे ठेवलेले, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. माझा मला ओळखू आला, डावा गाल बसलेला होता. टेक्निशियन पोरानं तो चढवला, टकटक चार चाप बसवले. "काका, हलायचं नाही. श्वास नेहमीसारखा. काही वाटलं तर हात वर करा, मी टीव्हीवर बघतोय." जाड दार लागलं. छतावरून लाल रेघा तोंडावर आलेल्या, एक यंत्र घुरघुरत माझ्याभोवती फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. मी वाट बघत राहिलो. चटका नाही, ऊब नाही, कसलीच जाणीव नाही. दार उघडलं, तेव्हा दहा मिनिटं झाली होती आणि त्यातला बराच वेळ मला नीट निजवण्यातच गेला होता.

बाहेर मावशी म्हणाल्या, "फळीवर बगितलं का? महालक्ष्मीचा मुखवटा मखरात बसतो, आपला हितं फळीवर."

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. मावशींनी पुढे मला जे जे सांगितलं, त्यातलं जवळजवळ सगळं डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच सांगितलेलं होतं. छापील कागदही दिलेला. पण त्या दहा मिनिटांत माझ्या कानात 'कॅन्सर' या शब्दानंतर काही शिरलंच नव्हतं. मावशींनी तेच दोन दोन दिवसांच्या हप्त्यानं दिलं, आणि देताना स्वतःचं तोंड उघडून दाखवलं.

त्या बरोबर दहा शेक माझ्या पुढे होत्या. त्यांच्या गालात, मिसरी लावायच्या बोटाच्या जागीच दुखणं झालेलं. त्यांनाही ३० च सांगितलेले. म्हणजे माझा दोन आठवड्यांनंतरचा चेहरा रोज माझ्या शेजारी बसलेला. दुसऱ्या कुणाला ही भीती वाटली असती. मला हिशेबी माणसाला ती सोय वाटली.

सातव्या-आठव्या शेकाला चहा मातीसारखा लागला. मी घरी पत्तीवरून बोललो, सून रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी बाकावर तक्रार केली तर मावशी हसल्या. "गेली ना चव? आधी मीठ जातं, मग गोड. घरच्यावर चिडू नका, त्यायनी सैपाक बिघडवला नाई." मग थुंकी घट्ट झाली, डिंकासारखी, रात्री घशात अडकून जाग यायची. त्यावर उपाय एकच आणि फुकटातला, ग्लासभर कोमट पाण्यात चिमूट मीठ, चिमूट खायचा सोडा, आणि गुळण्या. दिवसातून सात-आठ वेळा. "दुखाया लागल्यावर नाई, आजपासूनच."

तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं. साधं आलेलं नव्हे. पाणी गिळताना काचा गिळल्यासारखं. जुन्या जालन्यातली निम्मी गल्ली भेटायला यायची आणि येताना मोसंबी आणायची, कारण जालन्यात आजाऱ्याला दुसरं काय नेतात? कोपऱ्यात मोसंब्यांची रास झाली. एक घोट रस घेतला आणि मी भिंतीवर डोकं टेकलं. आंबट बंद, तिखट बंद. दूध, केळं, पातळ खिचडी, दुधात फेटलेलं अंडं. अंडं आमच्या घरात पहिल्यांदाच आलं, आई असती तर तिनं चूल धुतली असती. दर सोमवारी वजन. मोंढ्यात आयुष्यभर दुसऱ्याचा माल काट्यावर बघितला, आता मी काट्यावर. ६१ किलोवरून ५७, मग साडेपंचावन्न. आमच्या धंद्यात याला घट म्हणतात, आणि घट कुणाच्या नावे टाकायची यावरून भांडणं होतात.

वजन उतरलं तर मुखवटा ढिला होतो, आणि मुखवटा ढिला तर गणित चुकतं; हे मला मावशींनी नळी दाखवत सांगितलं. "म्या पाच दिस हट्ट केला. नळी नको, नळी नको. शेवटी चक्कर येऊन पडले. तुमी आसं करू नका. नाकातून जातंय का तोंडातून, पोटाला काय माहीत." बाविसाव्या शेकाला मला नळी बसली तेव्हा मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. काढता येतच नव्हता म्हणा.

असल्या दुखण्यात शेजारपाजारही फार हुशार होतो. कुणीतरी बायकोच्या कानात घातलं, की लाईट घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरणं निघतात, नातवाला जवळ देऊ नका. चार रात्री मी ढाळजेत झोपलो, काकांच्याच जागी. तीन वर्षांचं पोर उंबऱ्यापलीकडून हाका मारायचं. मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बटन बंद केल्यावर बलप उजेड घेऊन घरभर फिरतो का?" डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले बाई बरोबर बोलतात. बाहेरून सोडलेला किरण आरपार जातो, अंगात राहत नाही. शरीराच्या आत किरणांचा स्रोत ठेवतात किंवा थायरॉइडच्या कॅन्सरला आयोडीन पाजतात, त्यांचे नियम वेगळे, ते त्यांना सांगितलेले असतात. त्या रात्री नातू माझ्या कुशीत होता.

बाकावर बसलेल्या प्रत्येकाचं दुखणं वेगळं. छातीच्या कॅन्सरवाल्या एक शिक्षिका होत्या, त्यांना तोंडाचं काही नाही. काखेतली कातडी लाल होऊन सोलली आणि दुपारनंतर गळून जायच्या. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर असलेल्या बायकांना जुलाब, लघवीला आग. बाहेरचा शेक संपला की आतला शेक निराळा. केस म्हणाल तर जिथे किरण पडतो तिथलेच जातात. माझी डाव्या बाजूची अर्धी दाढी गेली, डोक्यावरचे शाबूत. न्हाव्याचा निम्मा फायदा, असं मुलगा म्हणायचा. वस्तरा बंदच होता.

एकदा मी डॉक्टरांना विचारलं, रोज थोडं थोडं कशाला, एकदम देऊन टाका. त्यांना वेळ होता, त्यांनी सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये क्लोडियस रेगो नावाच्या संशोधकानं मेंढ्यांवर प्रयोग केले. एकदम मोठा डोस दिला तर मेंढ्याची कातडी जळायची आणि हवं ते साधायचं नाही. तोच डोस तुकड्यांनी दिला तर काम व्हायचं आणि कातडी वाचायची. निरोगी पेशी रात्रीतून आपली डागडुजी करतात, कॅन्सरच्या पेशींना ती तितकीशी जमत नाही. तीसचे तीस भाग त्या फरकावर चालतात. म्हणून मधे दांड्या मारायच्या नाहीत. काकांच्या १४ शेकांचं काय झालं असेल ते मला तेव्हा कळलं. मी हे मेंढ्याचं मावशींना सांगितलं. त्यांच्या अंबड तालुक्यातल्या गावी दीड एकर मोसंबी, त्यातली निम्मी २०१३ च्या दुष्काळात वाळलेली. त्या म्हणाल्या, "बागेला पाणी पाळीपाळीनंच देतेत. एकाच दिवशी हीर उपसून वतली तर झाडं पिवळी पडतील. त्याला मेंढ्या कशाला माराव्या लागतेत?"

मार्च लागला आणि माझी मान काळी पडली. शर्टाची कॉलर करवतीसारखी लागायची. तेल नाही, हळद नाही, साबण नाही, बायकोच्या माहेरचं कैलासजीवनही नाही. डॉक्टरांनी दिलेलं तेवढंच. मी काकांसारखा टॉवेल गुंडाळून गेलो. मावशींनी टॉवेल बघितला आणि पिशवीतून ते धडपं काढलं. "हे घ्या. धुऊन धुऊन मऊ झालंय. टावेल टोचतो, रात्री कातडं घेऊन निघतो." घडी घातलेलं होतं, म्हणजे आदल्या दिवशी माझी मान बघून त्यांनी ते घरून मागवून किंवा फाडून आणलेलं. मी पैसे देऊ केले नाहीत. एवढी अक्कल होती.

१२ मार्चला त्यांचा तिसावा झाला. फळीवरचा स्वतःचा मुखवटा मागून घेतला आणि काखेत मारून निघाल्या. जाताना म्हणाल्या, "आता तुमचं तुमाला."

पुढचे दहा दिवस बाकावर माझ्या पुढे कुणी नव्हतं. मागे होता. जामखेडचा एक पोरगेला ड्रायव्हर, त्याचा पहिला आठवडा चाललेला. तो माझी मान बघून नजर फिरवायचा. मी पाटीवर लिहून दाखवलं, 'मीठ-सोडा. आजपासून.' माझं अक्षर चांगलं आहे.

धुळवडीला सुट्टी होती. शहरात हत्ती रिसाल्याची मिरवणूक, ढोल ढाळजेपर्यंत ऐकू येत होते. मानेवर रंगाचा थेंब पडू नये म्हणून मी आतल्या खोलीत कडी लावून बसलो, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरावर २७ मार्चभोवती गोल काढला. शिवजयंती, महाशिवरात्र, धुळवड या तीन सुट्ट्या धरून माझा तिसावा त्या दिवशी येत होता. २७ ला सगळं संपणार. २८ ला सकाळी मी मिसळ खाणार, असं काहीतरी.

धुळवडीनंतरच्या शेकाला मावशी तपासणीला आल्या. आल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या. पूर्वीपेक्षा वाईट दिसत होत्या. मला धसकाच बसला. त्यांनी ते बघितलं.

"हेच सांगाया बसले. कुनी आसं समजू नका, की तीस झाले की सुटलो. संपल्यावर आठ-दहा दिस जास्ती व्हतं. मशीन बंद झालं तरी आतलं चालू ऱ्हातं. म्या रडले घरी, म्हनलं बिघडलं. डाक्टर म्हनले, नाई, हे आसंच आसतंय. मंग उतरतं. तुमी नका रडू."

त्या बसच्या वेळेला निघून गेल्या. २७ मार्च आला, मुलानं पेढे वाटले, मी एकही खाल्ला नाही. ५ एप्रिलची रात्र मला आठवते. जीभ सुजलेली, मानेची साल धडप्याला चिकटलेली, वजन साडेचौपन्न. त्या रात्री मला दुसरं कुणी काही सांगितलेलं नसतं, तर मी पुन्हा झालं असंच धरलं असतं. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, नववा दिवस. मावशींनी दहा म्हटलं होतं. बाराव्या दिवशी पाण्याचा घोट गेला.

मेमध्ये नळी निघाली. तोंड उघडायचा व्यायाम म्हणून दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्यांची चळत. १४ काड्यांपासून सुरुवात केली आणि १९ वर अडकलो, अजून तिथेच आहे. थुंकी पुरेशी नाही, पाण्याची बाटली जवळ लागते. मानेला शेक मिळालेला, म्हणून थायरॉइडची तपासणी अधूनमधून. तंबाखूचं विचाराल तर डबी कुंडलिकेत टाकली. त्या नदीत तेवढ्यानं काही बिघडण्यासारखं उरलेलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी अंबडची बस धरली. पिशवीत नऊवारी हिरवं लुगडं होतं. गावाबाहेरच त्यांचं शेत. बाजरीच्या पट्ट्यात बुजगावणं उभं होतं. अंगात फाटका सदरा, आणि तोंडाच्या जागी पांढरा, उजवा गाल बसलेला मुखवटा. मी बांधावर थांबून राहिलो. मागून आवाज आला, "एक पाखरू येत नाई. समदी भेतेत मला."

लुगड्याचा पदर त्यांनी बोटांत धरून बघितला, किंमत विचारली, आणि मी फसलो असं सांगितलं. मग झाडाचं एक पिवळं पडत आलेलं मोसंबं तोडलं, सोललं, चार फोडी माझ्या हातावर ठेवल्या. स्वतः एक तोंडात घातली. मी जपून चावलो. झोंबलं, पण भिंत शोधावी इतकं नाही.

"कशी लागती?"

"गोड."

"खोटं." त्यांनी दुसरी फोड घेतली. "आंबट आधी येतं. गोड मागून. मला आत्ता कुठं कळाया लागलंय, तर तुमाला कसं कळंल?" बोटावर काहीतरी मोजलं. "पंधरा दिस थांबा," म्हणाल्या, आणि सालं गाईपुढे टाकायला उठल्या.